दमानं घ्या!

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आमच्या सोलापुरात एके काळी गिरणीचा भोंगा झाला की रस्त्यावर सायकलींचा लोंढा यायचा. त्या लोंढ्यात माझ्या अब्बांचीही एक काळी, जड सायकल असायची. सुटीच्या दिवशी ते मला पुढच्या दांडीवर बसवून फिरायला न्यायचे. शेजारून कोणी सपकन पुढे गेला की मी ओरडायचो, ''अब्बा, त्याला गाठा ना!'' अब्बा हसून म्हणायचे, ''दमानं जायचं, बेटा. आपल्याला पोचायचंय, पळून नाही जायचं.''

'दमानं' या शब्दाकडे तेव्हा माझे लक्ष गेले नव्हते. पुढे मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, तेव्हा कळले की दम हा फारसीतून आलेला शब्द आणि त्याचा अर्थ श्वास. मराठीने त्याला घरातलाच करून टाकला. आपल्याला दम लागतो, आपण दम खातो, दम धरतो, कोणी बेदम मार खातो. आणि 'दमानं घ्या' म्हणजे घाई करू नका; पण शब्दश: पाहिले तर, श्वासाच्या बेताने घ्या. सायकल चालवताना हृदयाचे ठोके आणि वेग यांचा मेळ कसा घालावा, हा आजचा विषय. त्याचे सगळे शास्त्र या एका शब्दात आहे, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, आणि तेही रस्त्याच्या कडेला लिंबाखाली बसल्यावर उमगले. ती हकिगत सांगतोच. पण आधी थोडी तयारी करू.

आपले हृदय विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा धडकते. ७२ हा आकडा धरला तर दिवसाचे एक लाखाहून जास्त ठोके होतात. एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त, म्हणजे मिनिटाला जवळजवळ पाच लिटर रक्त ते पुढे ढकलते. आपण सायकलवर बसून पायडल मारू लागलो की मांड्यांचे मोठे स्नायू प्राणवायू मागू लागतात. ही मागणी पुरवायला हृदयापुढे दोन वाटा असतात. एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायचे, किंवा ठोके वाढवायचे. सवय नसलेले हृदय दुसऱ्या वाटेवर जास्त भिस्त ठेवते. नियमित व्यायाम केलेले हृदय पहिली वाट शिकते, म्हणून ते निवांत असताना सावकाश चालते. समजा, काही महिन्यांच्या व्यायामाने विश्रांतीचे ठोके ७२ वरून ६२ वर आले, तर त्या हिशेबाने दिवसाला १४ हजार ४०० ठोके वाचले. बँकेतल्या ठेवीवरही इतके व्याज मिळत नाही!

आता प्रश्न असा, की व्यायाम करताना हे ठोके किती वाढू द्यावेत? त्यासाठी एक सोपे सूत्र जगभर वापरले जाते. २२० मधून आपले वय वजा करा; जे उरते ते आपल्या हृदयाच्या ठोक्यांची साधारण कमाल मर्यादा. पन्नास वर्षांच्या माणसाची १७०. पुढे २००१ मध्ये तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जास्त माणसांच्या मोजमापांवरून दुसरे सूत्र मांडले. वयाला ०.७ ने गुणा आणि ते २०८ मधून वजा करा. त्याने पन्नाशीची मर्यादा १७३ येते. मात्र दोन्ही सूत्रे सरासरीची आहेत. शिंप्याने गल्लीतल्या सगळ्यांची सरासरी काढून सदरा शिवला, तर तो कोणाला घट्ट, कोणाला सैल होणारच. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांच्या मर्यादेत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असू शकतो.

कमाल मर्यादेच्या साधारण ६४ ते ७६ टक्के ठोके असतील तर त्या व्यायामाला मध्यम म्हणतात. पन्नाशीच्या माणसाला तो पल्ला १०९ ते १२९ असा येतो. त्याच्या वर जोमदार व्यायाम सुरू होतो. फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांनी १९५७ मध्ये यात एक शहाणपणाची भर घातली. ते म्हणाले, विश्रांतीचे ठोके माणसागणिक वेगळे, तर तेही हिशेबात धरा. कमाल ठोक्यांतून विश्रांतीचे ठोके वजा करा. उरेल ती तुमची शिल्लक. या शिल्लकेचे ४० ते ६० टक्के काढा आणि त्यात विश्रांतीचे ठोके पुन्हा मिळवा. तो झाला मध्यम व्यायामाचा पल्ला. पन्नाशीचे दोन शेजारी घ्या. एकाचे विश्रांतीचे ठोके ६०, दुसऱ्याचे ८०. पहिल्याचा पल्ला १०४ ते १२६, दुसऱ्याचा ११६ ते १३४. वय एकच, गल्ली एकच, पण हृदये निराळी.

ठोके मोजायला यंत्रच हवे असे नाही. मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवली की नाडी लागते. वैद्य याला नाडी म्हणतात, आमचे हकीम नब्ज म्हणायचे. सकाळी उठल्या उठल्या १५ सेकंद मोजून चाराने गुणले की विश्रांतीचा आकडा मिळतो. सायकल चालवताना मोजायचे असेल तर रस्त्याच्या कडेला थांबा, पाय टेकवा आणि लगेच १० सेकंद मोजून सहाने गुणा. उशीर केला तर आकडा फसवा येतो, कारण थांबताच ठोके झपाट्याने उतरू लागतात. यंत्रे म्हणाल तर मनगटावर ठोके दाखवणारे पहिले बिनतारी यंत्र फिनलंडच्या पोलर कंपनीने १९८२ मध्ये आणले. त्याला छातीवर पट्टा बांधावा लागे. आजची मनगटी घड्याळे कातडीवर प्रकाश टाकून रक्ताच्या लहरी मोजतात. ती सोयीची आहेत. पण आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि हँडलवर आवळलेली मूठ यांमुळे कधीकधी चुकतात. छातीचा पट्टा त्या मानाने जास्त भरवशाचा.

आता माझी हकिगत. तीन वर्षांपूर्वी मला रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि रोज व्यायाम करा म्हणाले. चालायला लागलो तर गुडघे कुरकुरायचे. सायकलवर शरीराचा भार सीटवर पडतो, गुडघ्यांना त्रास कमी होतो, म्हणून सायकल घेतली. सकाळी संभाजी तलावाच्या बाजूने सहा-सात किलोमीटरची फेरी मारायचो. छान चालले होते. मग दोन गोष्टी झाल्या. लेकीने वाढदिवसाला ठोके दाखवणारे घड्याळ दिले आणि रस्त्यात कॉलेजच्या पोरांची एक टोळी भेटली. ''चाचा, चला की आमच्यासंगं!'' म्हणाली. चाचांना हुरूप आला.

वहीत मी आकडेमोड केली. वय छप्पन्न, म्हणून मर्यादा १६४. त्याचे ७० ते ८० टक्के, म्हणजे ११५ ते १३१. मराठीच्या बी.ए.ने इतके गणित केले याचाच मला अभिमान वाटला! आषाढातला दिवस होता. मंगळवेढा रस्त्याने तिऱ्ह्याकडे निघालो. समोरून पश्चिमेचा वारा. पोरे पुढे, मी मागे. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. घड्याळात पाहिले, तर ठोके फक्त ११६! मी स्वत:लाच म्हणालो, आत्ता कुठे पल्ल्याची पायरी ओलांडली, हा दम म्हणजे नुसता आळस. आणि आणखी जोर लावला. पुढच्याच वळणावर डोळ्यांपुढे अंधारी आली. कशीबशी सायकल थांबवली आणि लिंबाच्या झाडाखाली बसलो. अंगाला गार घाम सुटला होता. पोरे परत आली, त्यांनी पाणी दिले आणि रिक्षात घालून घरी आणले.

डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, पुढे ट्रेडमिलवरची चाचणी केली. सुदैवाने हृदयाला इजा नव्हती. मी वही पुढे केली. त्यांनी ती पाहिली आणि विचारले, ''काका, हा हिशेब करताना गोळी कुठं धरलीत?'' मला अर्थच कळेना. मग त्यांनी समजावले. रक्तदाबाच्या काही गोळ्या, ज्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात, हृदयाचा लगाम ओढून धरतात. कितीही कष्ट केले तरी ठोके एका मर्यादेपलीकडे जात नाहीत. माझी गोळी त्याच जातीची. त्यामुळे २२० वजा वय हे सूत्र मला लागूच नव्हते. माझे ११६ म्हणजे दुसऱ्याचे १४०-१५० असतील. घोडा तोंडाला फेस येईपर्यंत पळत होता आणि मी लगामाकडे पाहून म्हणत होतो, हा चालतोय कुठे?

चूक डॉक्टरांची नव्हती. फेरी मारणे सोडून मी शर्यतीला लागलो, हे मी त्यांना सांगितलेच नव्हते. त्यांनी बजावलेली दुसरी गोष्ट तुम्हालाही सांगतो. हे ऐकून कोणी आपल्या मनाने गोळी बंद करू नका. अशी गोळी एकदम थांबवणे धोक्याचे असते. गोळी चालू ठेवून व्यायाम उत्तम करता येतो. फक्त मोजपट्टी बदलावी लागते.

ही मोजपट्टी म्हणजे आपला दम. व्यायामशास्त्रात तिला बोलण्याची कसोटी म्हणतात. सायकल चालवताना सोबत्याशी पूर्ण वाक्ये बोलता येतात, पण गाणे म्हणता येत नाही, असा वेग असेल तर तो मध्यम व्यायाम. आरामात गाता येत असेल तर आपण फारच सुशेगाद चाललो आहोत. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर तो जोमदार. आणि शब्दच फुटत नसेल, तर माझे लिंबाचे झाड आठवा आणि वेग कमी करा. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तर कष्टाच्या जाणिवेला आकडे दिले. त्यांची पट्टी ६ पासून २० पर्यंत आहे. ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत, २० म्हणजे जीव तोडून केलेले कष्ट. तिची गंमत अशी, की निरोगी माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणले की साधारण त्याचे ठोके येतात. १२-१३ म्हणजे 'थोडे कष्टाचे'. आपल्यासारख्यांचा मुक्काम तिथेच असावा. मी आता एकटा असलो की माझीच एखादी कविता पुटपुटतो. ओळ एका दमात पुरी झाली तर ठीक; मध्येच तुटली तर पाय सैल सोडतो. कविता कशी आहे ते सोडा, मोजपट्टी म्हणून ती चांगली आहे!

आता वेगाकडे वळू. वेग हा कष्टाचा आरसा नव्हे, हे एकदा ध्यानात घेतले की निम्मा धोका टळतो. सपाट रस्त्यावर ताशी पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे आपले बहुतेक बळ हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, आणि तो सारायला लागणारी शक्ती घनाच्या पटीत. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट शक्ती हवी. वीसवरून पंचवीसवर जायचे, म्हणजे नुसते पाच किलोमीटर वाढवायचे, तरी हवेचा हा खर्च जवळजवळ दुप्पट होतो. त्यात वारा समोरून आला की संपलेच. तुम्ही ताशी पंधराने चालला आहात आणि वाराही पंधराने समोरून येतोय, तर अंगावर तीसचा वारा येतो आणि त्याचा रेटा चौपट होतो. परतताना तोच वारा पाठीशी असतो आणि पाय न हलवल्यासारखी सायकल पळते. म्हणजे जाताना ताशी बारा आणि येताना ताशी बावीस, असे असूनही हृदयाचे कष्ट दोन्ही वेळी सारखे असू शकतात. म्हणून वेग बदलू द्या, कष्ट स्थिर ठेवा. चढ आला, वारा आला, रस्ता खराब झाला की वेग आपोआप उतरू द्यायचा. त्यात कमीपणा नाही.

यासाठीच सायकलीला गिअर असतात. चढाच्या मध्यावर दम गेल्यावर नव्हे, तर चढ सुरू होण्यापूर्वी हलका गिअर टाकावा. पायडलचे फेरे मिनिटाला सत्तर ते नव्वद असावेत असे जाणकार सांगतात. नवख्याने साठ-सत्तरपासून सुरुवात केली तरी चालेल. जड गिअर दाबत सावकाश फेरे मारले तर गुडघ्यांवर ताण येतो आणि मांड्या लवकर भरून येतात. ज्यांच्या सायकलीला गिअरच नाहीत त्यांनी अब्बांचा उपाय करावा. चढावर खाली उतरायचे आणि सायकल हातात धरून चालायचे.

ऊन हा आमच्या सोलापूरकरांचा खास विषय. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. शरीर थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, घामावाटे पाणी जाते, आणि त्याच वेगाला हृदयाला जास्त धडकावे लागते. सुरुवातीला ११५ असलेले ठोके वेग न वाढवताही अर्ध्या-पाऊण तासात दहा-पंधराने वर सरकतात. अशा वेळी 'काल तर याच वेगाने गेलो होतो' असा हट्ट करू नये. पहाटे निघावे, पाण्याची बाटली सोबत ठेवावी, तहान लागण्याची वाट पाहू नये. रोजाच्या महिन्यात दिवसा पाणी नसते, म्हणून मी तेव्हा सकाळची फेरी बंद ठेवतो आणि इफ्तारनंतर दोनेक तासांनी हलकी चक्कर मारतो. उपास कोणत्याही धर्माचा असो, हृदयाला हा हिशेब सारखाच लागू पडतो.

सुरुवात आणि शेवट यांचाही एक नियम आहे. पहिली आठ-दहा मिनिटे अगदी हलकी चालवावी, म्हणजे हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना जागे व्हायला वेळ मिळतो. शेवटची पाच-सात मिनिटे पुन्हा हलकी. जोरात चालवून एकदम थांबलो तर पायांत उतरलेले रक्त वर ढकलणारी स्नायूंची हालचाल बंद पडते, रक्त पायांत साठते आणि चक्कर येऊ शकते. गवई मैफल जशी विलंबितात सुरू करतो, तशीच आपली फेरीही सुरू करावी. फक्त द्रुतात संपवू नये, पुन्हा विलंबितात यावे.

किती करावे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेले प्रमाण असे आहे: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास सायकल चालवली की दीडशे मिनिटे झाली. अगदीच सवय नसेल तर दहा मिनिटांनी सुरुवात करा आणि दर आठवड्याला थोडी वाढवा. आधी वेळ वाढवावा, मग हवा तर वेग. आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावे. कोणती गोळी चालू आहे, ती ठोक्यांवर परिणाम करते का, हा प्रश्न जरूर विचारावा.

एक कळकळीची विनंती. सायकल चालवताना छातीत दाब वाटला, दुखणे डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत गेले, गार घाम सुटला, चक्कर आली, ठोके वेडेवाकडे पडू लागले, तर 'पित्त झाले असेल' म्हणून पुढे जाऊ नका. थांबा, बसा, मदत मागा, लगेच दवाखाना गाठा. मी लिंबाखाली बसलो म्हणून आज तुमच्याशी बोलतोय. माझे एक जुने स्नेही बसले नाहीत. छातीत जळजळतेय, सोडा पिऊन बरे वाटेल म्हणत ते घरी आले. संध्याकाळी आम्ही त्यांना खांदा दिला.

शेवटी विचाराल, की वेग कधीच वाढवायचा नाही का? वाढतो की! पण त्याला आपण ओढायचे नसते, तो आपल्या पायांनी येतो. मी तलावाची तीच आठ किलोमीटरची फेरी, त्याच दमात, ओळ तुटू न देता मारतो आणि वहीत वेळ लिहितो. त्या घटनेनंतर सुरुवात केली तेव्हा ३४ मिनिटे लागायची. सहा महिन्यांनी त्याच फेरीला २९ मिनिटे लागू लागली. कष्ट तेवढेच, वेळ पाच मिनिटांनी कमी. ही खरी प्रगती. हृदय आतून मोठा घास घ्यायला शिकले, त्याची ही पावती. घड्याळ अजून मनगटावर आहे. लेकीने दिलेले ते कसे काढणार? पण आधी श्वास ऐकतो, मग घड्याळ पाहतो.

ती पोरे अजून रस्त्यात भेटतात. सपकन पुढे जातात, हात हलवतात. मीही हात हलवतो. त्यांचे वय वेगाचे आहे, त्यांनी जावे. माझ्या पुढच्या दांडीवर कधीकधी माझा नातू असतो. परवा तोही म्हणाला, ''त्यांना गाठा ना!'' आणि माझ्या तोंडून नकळत अब्बांचे शब्द निघाले, ''दमानं जायचं, बेटा. आपल्याला पोचायचंय.''